मैदानाच्या कडेने तेहतीस वर्षे

फुटबॉलच्या सामन्याचा वृत्तान्त वाचताना वाचकाची दृष्टी प्रथम जाते ती गोल कोणी केले याकडे. ज्याने गोल केला त्याचे नाव ठळक अक्षरांत छापले जाते. ज्याने चेंडू त्याच्या पायाशी आणून दिला त्याचे नाव पुष्कळदा येतही नाही. परंतु इंग्लंडच्या फुटबॉलच्या इतिहासात एक सामना असा होऊन गेला, की त्यात सात गोल झाले, आणि तरीही तो ओळखला जातो त्यांतील एकही गोल न करणाऱ्या खेळाडूच्या नावाने. त्या खेळाडूचे नाव स्टॅन्ली मॅथ्यूज. तो मैदानाच्या उजव्या कडेने खेळत असे. अशा कडेच्या खेळाडूला इंग्रजीत 'विंगर' म्हणतात; 'विंग' म्हणजे पंख. संघ हा पक्षी मानला, तर दोन्ही कडांचे हे दोन गडी म्हणजे त्याचे पंख होत.

मॅथ्यूजच्या काळी संघातील अकरा खेळाडूंपैकी पाच जण आघाडीला खेळत. त्यांतील तिघे मधल्या भागात असत आणि उरलेले दोघे दोन्ही टोकांना. मैदानाच्या मध्यभागी खेळाडूंची गर्दी असते. तेथून गोलाकडे सरळ वाट मिळणे कठीण. कडेला मात्र जागा मोकळी असते. म्हणून चेंडू कडेच्या गड्याकडे जातो. त्याच्यासमोर बहुधा प्रतिपक्षाचा एकच बचावाचा गडी उभा असतो, आणि त्याला चुकवून पुढे जाणे एवढेच त्याचे काम. हे काम वाटते तितके सोपे नाही. मधल्या खेळाडूला डावीकडे किंवा उजवीकडे कोठेही वळता येते. कडेच्या गड्याच्या एका अंगाला मैदानाची सीमारेषा असते. चेंडू त्या रेषेपलीकडे गेला, की तो प्रतिपक्षाला मिळतो. जणू ती पांढरी रेषा हीच त्याच्याविरुद्ध उभी असलेली आणखी एक व्यक्ती.

बचावाच्या गड्याला चुकवून विंगर थेट प्रतिपक्षाच्या गोलरेषेपर्यंत जातो आणि तेथून चेंडू मागे, आपल्या सोबत्यांकडे देतो. पुढे जाऊन पुन्हा मागे का, असे कोणास वाटेल. त्याला कारण आहे. बचाव करणारे गडी त्या वेळी स्वतःच्या गोलाकडे तोंड करून धावत असतात. चेंडूकडे पाहावे तर मागून येणारा शत्रू दिसत नाही, आणि शत्रूकडे पाहावे तर चेंडू दिसत नाही. शिवाय, चेंडूच्या मागे असलेला खेळाडू 'ऑफसाइड' ठरत नाही, असा नियम आहे. म्हणून गोलरेषेवरून मागे आलेला चेंडू हा बचावाला सर्वांत घातक असतो. असा चेंडू देण्यात मॅथ्यूजचा हात, किंबहुना पाय, धरणारा दुसरा कोणी त्याच्या काळी नव्हता.

इंग्लंडच्या मध्यभागात स्टोक-ऑन-ट्रेंट नावाचे शहर आहे. चिनी मातीची भांडी घडवण्यासाठी ते जगभर प्रसिद्ध. भट्ट्यांची धुराडी आणि कामगारांची एकमेकांना चिकटलेली घरे, असे त्या काळचे त्याचे रूप होते. त्या शहरातील हॅन्ली या भागात १ फेब्रुवारी १९१५ रोजी स्टॅन्लीचा जन्म झाला. वडील जॅक मॅथ्यूज हे न्हावी होते. दिवसा ते दुकानात गिऱ्हाइकांची दाढी करीत आणि संध्याकाळी मुष्टियुद्धाच्या आखाड्यात उतरत. गावात त्यांना 'हॅन्लीचा लढाऊ न्हावी' म्हणत. दारूला त्यांच्या घरात थारा नव्हता. पहाटे उठायचे आणि मोकळ्या हवेत व्यायाम करायचा, ही शिस्त त्यांनी आपल्या चारही मुलांना लावली. स्टॅन्ली हा त्यांतला तिसरा. त्याने मुष्टियोद्धा व्हावे, अशी बापाची इच्छा होती. परंतु मुलाचे मन चेंडूत गुंतले होते. पंधराव्या वर्षी तो स्टोक सिटी या संघाच्या कचेरीत पोऱ्या म्हणून लागला, आणि ज्या दिवशी सतरा वर्षांचा झाला त्याच दिवशी, १ फेब्रुवारी १९३२ रोजी, त्याने व्यावसायिक खेळाडू म्हणून करारावर सही केली. वेतन आठवड्याला ५ पौंड. पुढच्याच हंगामात स्टोकने दुसऱ्या श्रेणीचे विजेतेपद पटकावले. १९३४ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, तो इंग्लंडकडून वेल्सविरुद्ध खेळला व त्या सामन्यात त्याने गोलही केला.

त्याच्या खेळाचे मर्म होते ते त्याच्या हुलकावणीत. ती हुलकावणी सर्वांना ठाऊक होती, हे विशेष. चेंडू उजव्या पायाशी ठेवून तो सावकाश, जवळजवळ चालत, बचावाच्या गड्याच्या अगदी समोर येई. मग तो आपले शरीर डावीकडे, म्हणजे मैदानाच्या आतल्या बाजूला, झुकवी. आता हा आत शिरणार, असे वाटून समोरचा गडीही त्या बाजूला कलत असे. त्याच निमिषाला मॅथ्यूज उजव्या पायाच्या बाहेरच्या कडेने चेंडू उजवीकडे ढकले आणि सीमारेषेलगत निघून जाई. खो-खो खेळताना आपण जी हूल देतो, तिचेच हे रूप. माणसाचे वजन एकदा एका पायावर पडले, की ते दुसऱ्या पायावर घेतल्यावाचून त्याला उलट दिशेने वळता येत नाही. त्याला लागणारा वेळ डोळ्याची पापणी लवण्याइतकाच. पण मॅथ्यूजला तेवढा पुरे होता, कारण पहिल्या आठ-दहा पावलांत त्याचा वेग विलक्षण असे. लांबच्या शर्यतीत त्याला मागे टाकणारे पुष्कळ निघाले असते. त्या आठ-दहा पावलांत फारच थोडे. तो काय करणार हे बचावाच्या गड्यांना आधी माहीत असे. तो ते कोणत्या क्षणी करणार, हे मात्र कळत नसे.

अशा खेळाडूची भरभराट झाली असेल, असे वाटणे साहजिक आहे. वस्तुस्थिती निराळी होती. त्या काळी इंग्लंडमध्ये खेळाडूच्या वेतनाला कमाल मर्यादा घातलेली होती. १९३० नंतरच्या वर्षांत ती आठवड्याला ८ पौंड होती आणि १९४७ साली १२ पौंड झाली. मैदानावर पन्नास हजार माणसे तिकिटे काढून एका खेळाडूला पाहण्यासाठी येवोत. त्या खेळाडूला त्या मर्यादेहून एक पैसाही अधिक देता येत नसे. शिवाय कराराची मुदत संपली तरी संघाच्या संमतीवाचून त्याला दुसऱ्या संघाकडे जाता येत नसे. खेळाडू हा एक प्रकारे संघाच्या मालकीचाच होता. १९३८ साली मॅथ्यूजने स्टोक सोडण्याची इच्छा प्रकट केली, तेव्हा शहरात एकच खळबळ उडाली. त्याने जाऊ नये म्हणून भरलेल्या सभेला तीन हजारांहून अधिक लोक जमले. मॅथ्यूज राहिला. लोकांचे प्रेम मोठे होते यात शंका नाही. परंतु त्या प्रेमाने त्याच्या वेतनात भर पडली नाही, हेही खरेच.

त्याच वर्षी मे महिन्यात इंग्लंडचा संघ बर्लिनला गेला. जर्मनीत तेव्हा हिटलरची सत्ता होती. सामन्यापूर्वी जर्मन राष्ट्रगीताच्या वेळी इंग्रज खेळाडूंनीही नाझी पद्धतीने उजवा हात उंचावून वंदन करावे, असा हुकूम वरिष्ठांकडून आला. खेळाडूंना तो मुळीच रुचला नाही. तरीही लाखभर प्रेक्षकांसमोर अकरांनीही हात उंचावले. पुढे त्या छायाचित्राची त्या साऱ्यांनाच खंत वाटत राहिली. सामना इंग्लंडने ६–३ असा जिंकला, आणि त्यांतील एक गोल मॅथ्यूजचा होता.

१९३९ साली महायुद्ध सुरू झाले आणि नियमित सामने बंद पडले. मॅथ्यूज तेव्हा चोवीस वर्षांचा होता. सामने पूर्ववत सुरू झाले तेव्हा तो एकतीस वर्षांचा झाला होता. खेळाडूच्या आयुष्यातील जो भर तारुण्याचा काळ, तोच त्याने विमानदलाच्या नोकरीत घालवला. युद्धानंतर स्टोकचा संघ लीगच्या विजेतेपदाच्या अगदी उंबरठ्याशी आला होता. परंतु व्यवस्थापक बॉब मॅकग्रोरी याच्याशी मॅथ्यूजचे पटत नव्हते. हंगामाचे मोजके सामने उरले असताना, मे १९४७ मध्ये, संघाने त्याला ब्लॅकपूल या संघाला ११,५०० पौंडांना विकले. स्टोकने आपला शेवटचा सामना गमावला आणि विजेतेपद हुकले. मॅथ्यूज असता तर काय झाले असते, या प्रश्नावर त्या शहरातील लोक पुढे कित्येक वर्षे वाद घालीत.

बत्तिसाव्या वर्षी बहुतेक विंगर निवृत्तीच्या गोष्टी बोलू लागतात. ज्याचा खेळ पहिल्या आठ-दहा पावलांच्या वेगावर उभा, त्याचा वेग गेला की सारेच गेले. ब्लॅकपूलच्या व्यवस्थापकालाही हा गडी आणखी दोन-तीन वर्षे खेळला तर पुष्कळ, असेच वाटत होते. तो त्या संघाकडून चौदा वर्षे खेळला.

हे कसे घडले? त्यात चमत्कार काही नव्हता. ब्लॅकपूल हे समुद्रकाठचे गाव. लोक झोपेत असताना भल्या पहाटे मॅथ्यूज एकटाच वाळूवर येई. दीर्घ श्वसन, अंगाला ताण देणारे व्यायाम आणि मग लहान लहान अंतराच्या वेगवान धावा. मैलोगणती पळण्यावर त्याचा भर नसे. आपल्याला खेळात जे लागते तेच तो घोटीत असे. पाऊस, थंडी, वारा यांपैकी कशानेही त्यात खंड पडत नसे. दारू तो पीत नसे व तंबाखूलाही शिवत नसे. खाणे मोजके, त्यात फळे, भाज्या आणि गाजराचा रस. आणि आपल्याकडील वाचकांना मौज वाटेल अशी गोष्ट म्हणजे, दर सोमवारी तो उपास करी! त्यामागे कोणते व्रत नव्हते. पोटाला आठवड्यातून एक दिवस विश्रांती मिळाली, की शरीर हलके राहते, अशी त्याची समजूत होती. खेळाचे बूटही तो मुद्दाम हलके वापरी. त्या काळचे इंग्रज खेळाडू घोट्यांपर्यंत येणारे जड बूट घालीत. त्यांच्या शेजारी मॅथ्यूजचे बूट सपातांसारखे दिसत. ते फार टिकत नसत. पण पायाला चेंडू जाणवला पाहिजे, मग बूट फाटले तरी चालतील, असा त्याचा हिशेब होता.

वेतनाच्या मर्यादेमुळे संसाराला हातभार म्हणून त्याने व त्याच्या पत्नीने ब्लॅकपुलात एक लहानसे हॉटेलही चालवले.

आता तो प्रसिद्ध सामना. 'एफ. ए. कप' ही इंग्लंडमधील सर्वांत जुनी स्पर्धा. तिचे विजयपदक मिळवणे हे प्रत्येक इंग्रज खेळाडूचे स्वप्न असते. मॅथ्यूजच्या वडिलांनी १९४५ साली मृत्युशय्येवर मुलाकडून याच पदकाचे वचन घेतले होते. १९४८ साली ब्लॅकपूल अंतिम सामन्यात पोहोचले आणि मँचेस्टर युनायटेडकडून हरले. १९५१ साली पुन्हा पोहोचले आणि न्यूकॅसलकडून हरले. २ मे १९५३ रोजी ते तिसऱ्यांदा लंडनच्या वेम्ब्ली क्रीडांगणावर उतरले. समोर होता बोल्टनचा संघ. मॅथ्यूज अडतीस वर्षांचा होता. ही आपली अखेरची संधी, हे त्याला आणि मैदानावरील एक लाख प्रेक्षकांनाही ठाऊक होते.

सामना सुरू होऊन दोन मिनिटेही झाली नाहीत तोच बोल्टनच्या नॅट लॉफ्टहाउसने गोल केला. ब्लॅकपूलच्या स्टॅन मॉर्टेन्सनने बरोबरी साधली. पण उत्तरार्धातील दहा मिनिटे संपली तेव्हा बोल्टन ३–१ असे पुढे होते. तेथून पुढे मात्र चेंडू वारंवार उजव्या कडेला जाऊ लागला. शेवटच्या वीस-बावीस मिनिटांत मॅथ्यूजने बोल्टनची डावी बाजू खिळखिळी करून टाकली. त्याने गोलासमोर दिलेला एक चेंडू गोलरक्षकाच्या हातून निसटला आणि मॉर्टेन्सनने तो आत ढकलला: ३–२. सामना संपण्यास मिनिटभर उरले असताना मॉर्टेन्सनने थेट लाथेने तिसरा गोल केला: ३–३. मग जखमांमुळे वाया गेलेल्या वेळाची भरपाई सुरू झाली. मॅथ्यूजला पुन्हा चेंडू मिळाला. तीच हुलकावणी, तीच पावले. तो गोलरेषेजवळ पोहोचला आणि पाय घसरता घसरता त्याने चेंडू मागे दिला. तो मॉर्टेन्सनच्या मागून निघून गेला. परंतु पलीकडून, डाव्या कडेचा विंगर बिल पेरी धावत येत होता. त्याने तो गोलात मारला. ब्लॅकपूलने ४–३ असा विजय मिळवला. एका कडेच्या गड्याने दिलेला चेंडू दुसऱ्या कडेच्या गड्याने गोलात घातला होता.

तेव्हापासून तो सामना 'मॅथ्यूजचा अंतिम सामना' या नावाने ओळखला जाऊ लागला. हे नाव न्याय्य आहे काय? मॉर्टेन्सनने त्या दिवशी तीन गोल केले. वेम्ब्लीवरील कपाच्या अंतिम सामन्यात तोवर कोणीही तीन गोल केले नव्हते. एवढा पराक्रम करूनही सामना ओळखला गेला तो सोबत्याच्या नावाने! खुद्द मॅथ्यूजला हे नाव कधीही पसंत पडले नाही. तो सामना मॉर्टेन्सनचा होता, असेच तो अखेरपर्यंत सांगत राहिला. आणखीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. बोल्टनचा एरिक बेल सामन्याच्या प्रारंभीच जखमी झाला होता. त्या काळी बदली खेळाडू घेण्याची मुभा नव्हती. म्हणून तो लंगडत लंगडत आघाडीला जाऊन खेळला, आणि तशा अवस्थेत त्याने डोक्याने एक गोलही केला. पण त्यामुळे बोल्टनच्या डाव्या बाजूचा बचाव दुबळा झाला. त्याच बाजूच्या राल्फ बँक्सच्या पायांत पुढे गोळे आले. हीच मॅथ्यूजची बाजू. दमलेल्या, दुखावलेल्या गड्यांसमोर अडतीस वर्षांचा एक माणूस मात्र सामन्याच्या आरंभीइतकाच ताजा होता. ब्लॅकपूलच्या वाळूवरील पहाटांचे फळ ते हेच.

पदक मिळाले तरी मॅथ्यूज थांबला नाही. मे १९५६ मध्ये वेम्ब्लीवर इंग्लंडने ब्राझीलला ४–२ असे हरवले, तेव्हा एक्केचाळीस वर्षांच्या मॅथ्यूजने निल्टन सांतोससारख्या नामांकित बचावपटूला पुरते हैराण केले. त्याच वर्षी 'फ्रान्स फुटबॉल' या नियतकालिकाने युरोपातील सर्वोत्तम खेळाडूची निवड प्रथमच केली. तो पहिला मान मॅथ्यूजला मिळाला. रेआल माद्रिदचा डी स्टेफानो थोड्या मतांनी मागे राहिला. इंग्लंडकडून तो १९५७ साली अखेरचा खेळला. तेव्हा तो बेचाळीस वर्षांचा होता. देशासाठी ५४ सामने आणि केवळ ११ गोल, अशी त्याची नोंद आहे. त्याच्या पायांतून निघून इतरांनी केलेल्या गोलांची नोंद त्या काळी कोणी ठेवीत नसे.

१९६१ च्या जानेवारीत वेतनाची मर्यादा उठली. खेळाडूंनी संपाची तयारी केल्यावर मालकांना नमते घ्यावे लागले. त्यानंतर थोड्याच काळात जॉनी हेन्स या खेळाडूला आठवड्याला १०० पौंड मिळू लागले. मॅथ्यूज तेव्हा सेहेचाळीस वर्षांचा होता. त्याच वर्षी तो आपल्या जुन्या स्टोक संघाकडे परतला. संघ दुसऱ्या श्रेणीत घसरला होता आणि सामन्यांना आठ-नऊ हजारच प्रेक्षक येत. मॅथ्यूज प्रथम मैदानावर उतरला त्या दिवशी पस्तीस हजारांहून अधिक आले. ज्यांनी त्याला लहानपणी पाहिले होते ते आपल्या मुलांना हात धरून घेऊन आले होते. १९६३ साली ल्युटनविरुद्धच्या सामन्यात स्टोकची पहिल्या श्रेणीत बढती निश्चित झाली. त्या दिवशी अठ्ठेचाळीस वर्षांच्या मॅथ्यूजने स्वतः गोल केला. त्या हंगामातील त्याचा तो एकमेव गोल! दुसऱ्या श्रेणीचे पहिले विजेतेपद त्याने १९३३ साली पाहिले होते. हे दुसरे, तीस वर्षांनंतर.

१९६५ च्या आरंभी त्याला 'सर' ही पदवी मिळाली. खेळत असतानाच हा मान मिळवणारा तो पहिला फुटबॉलपटू. ६ फेब्रुवारी १९६५ रोजी फुलहॅम संघाविरुद्ध तो लीगचा अखेरचा सामना खेळला. पन्नास वर्षे पूर्ण होऊन पाच दिवस झाले होते. निवृत्त होण्यात आपण जरा घाईच केली, असे तो पुढे म्हणत असे.

व्यवस्थापक म्हणून त्याला यश आले नाही. खेळता येणे आणि खेळवता येणे या दोन निराळ्या विद्या आहेत. मुलांना शिकवणे मात्र त्याला साधले. उन्हाळ्याच्या सुटीत तो अनेक वर्षे आफ्रिकेत जाऊन तेथील मुलांना खेळ शिकवीत असे. दक्षिण आफ्रिकेत तेव्हा वर्णभेदाचे कायदे होते. काळ्या मुलांनी गोऱ्यांबरोबर खेळणेदेखील तेथील सत्तेला खपत नसे. जोहान्सबर्गजवळच्या सोवेटो या वस्तीत मॅथ्यूजने शाळकरी काळ्या मुलांचा एक संघ घडवला. ती मुले स्वतःला 'स्टॅनचे गडी' म्हणवीत. १९७५ साली तो त्यांना घेऊन ब्राझीलला गेला. देशाबाहेर दौऱ्यावर गेलेला तो दक्षिण आफ्रिकेतील पहिला कृष्णवर्णीय फुटबॉल संघ होता.

२३ फेब्रुवारी २००० रोजी, पंच्याऐंशीव्या वर्षी, मॅथ्यूजचे निधन झाले. अंत्ययात्रेच्या दिवशी स्टोकच्या रस्त्यांवर दुतर्फा एक लाखाहून अधिक लोक उभे होते. त्याची रक्षा स्टोक सिटीच्या क्रीडांगणावर, मैदानाच्या अगदी मधोमध असलेल्या वर्तुळाखाली, पुरण्यात आली.